तळहातावरचा चाप

मागच्या आठवड्यात आमच्या विठ्ठलवाडीत एका चार वर्षांच्या पोराच्या भुवईवर टूथपिक घुसली. डोळ्यापासून जेमतेम अर्धा इंच. रक्त फार गेलं नाही, टाकाही पडला नाही. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि एवढंच म्हणाले, "अर्धा इंच खाली असती तर मी हात लावला नसता, सरळ मुंबईला पाठवलं असतं."

मारणारा कोणी गुंड नाही. माझा सख्खा भाचा आहे, नववीत शिकतो, चष्मा आहे, बुद्धिबळ खेळतो. आईच्या मोबाइलवरून त्याने एक वस्तू मागवली होती. तळहातावर मावेल एवढं, पोलादी पत्र्याचं, छान पॉलिश केलेलं आडवं धनुष्य. इंग्रजीत क्रॉसबो म्हणतात ते, पण बाहुलीच्या हातात शोभेल एवढं. दोरी मागे ओढून खटक्यात अडकवायची, खोबणीत टूथपिक ठेवायची, खालचा चाप दाबायचा. पाकिटावर छापलंय, 'छंद आणि संग्रहासाठी'. ताई म्हणाली, "अरे दादा, मला वाटलं की-चेन आहे."

मी ते जप्त केलं. आता माझ्या कपाटात, कागदपत्रांच्या फाइलीखाली आहे. रात्री सगळे झोपल्यावर एकदा चालवून बघितलं, खोटं कशाला सांगू. टूथपिक पुठ्ठ्याच्या खोक्यातून आरपार. मग शिवणाची सुई लावली, ती प्लायवूडच्या दारात रुतून बसली, पक्कडीने काढावी लागली. त्या रात्रीपासून या वस्तूच्या मागे लागलोय. वाचलेलं बरंच साठलंय म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

आधी नाव. मराठीत क्रॉसबोला रुळलेला शब्द नाही, कारण ती वस्तूच आपल्याकडे रुळली नाही. पण गंमत बघा. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. मराठीत चाप म्हणजे बंदुकीचा घोडा, जो बोटाने ओढतात तो. पोरींच्या केसांना लावायचा तोही चाप, आणि पेपरात रोज येतं, 'सरकारने चाप लावला', तोही तोच. धनुष्य, खटका आणि बंधन हे तिन्ही अर्थ एका शब्दात आहेत. ही वस्तू म्हणजे नेमकी तेवढीच गोष्ट आहे: धनुष्याला बसवलेला खटका. राहिला तिसरा अर्थ, त्याच्याकडे शेवटी येतो.

खटक्याने नेमकं काय होतं हे समजून घ्या, कारण सगळा इतिहास त्यातच आहे. साध्या धनुष्याला म्हणजे तिरकमठ्याला माणूस लागतो. ताण हाताने धरायचा, धरलेला असतानाच नेम साधायचा, दंड थरथरला की नेम गेला. आपल्या ठाणे-पालघरचा वारली लहानपणापासून हे शिकतो तेव्हा कुठे त्याला जमतं. क्रॉसबोमध्ये ताण खटका धरतो. माणसाचा हात मोकळा. श्वास घ्या, डोळा मिटा, नेम धरा, वाटलं तर पाणी पिऊन या, दोरी ताणलेलीच आहे. म्हणजे जे कसब वर्षानुवर्षांचं होतं ते चार दिवसांचं झालं. शेतावरच्या कुठल्याही माणसाच्या हातात हे देऊन त्याला सैन्यात उभं करता येऊ लागलं.

चीनने हे सगळ्यात आधी मोठ्या प्रमाणावर केलं. १९७४ साली शिआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे सैनिक सापडले, ते सगळ्यांना माहीत आहेत. त्या सैनिकांबरोबर क्रॉसबोचे ब्राँझचे खटकेही सापडले आहेत, जवळजवळ एका मापाचे. लाकूड कुजून गेलं, दोरी गेली, खटका राहिला. बावीसशे वर्षांपूर्वीचा तो खटका आणि माझ्या कपाटातला खटका यांत तत्त्वाचा फरक नाही. दोरी अडवणारा दात, त्याला रोखून धरणारा दुसरा तुकडा आणि खाली बोटासाठी चाप.

आणि जिथे वस्तू आली तिथे बंदीचा वादही आला. हान सम्राट वू याच्या दरबारात इ.स.पू. १२४ ते १२१ या काळात गोंगसुन होंग नावाचा प्रधान होता. त्याने प्रस्ताव मांडला की सामान्य रयतेने धनुष्य आणि क्रॉसबो बाळगायला बंदी करा. त्याचं म्हणणं असं, की दहा दरोडेखोर क्रॉसबो ताणून उभे राहिले तर शंभर शिपाई पुढे जात नाहीत. यावर वूच्यू शौवांग नावाच्या अधिकाऱ्याने उत्तर दिलं की दरोडेखोर कायदा पाळणारा असता तर दरोडेखोर कशाला झाला असता? बंदी केलीत तर हत्यार त्याच्याकडे राहणार आणि गरीब माणूस तेवढा निहत्था होणार. सम्राटाने ते प्रधानापुढे ठेवलं आणि प्रधानाने माघार घेतली. हे वाचताना मला चौकातल्या चहाच्या टपरीवर बसल्यासारखं वाटलं. दोन हजार वर्षं झाली, दोन्ही बाजूंचे मुद्दे तसेच्या तसे आहेत.

युरोपात ११३९ साली पोपच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध क्रॉसबो वापरायला मनाई केली. 'ख्रिस्ती माणसांविरुद्ध' हे शब्द महत्त्वाचे, बाकीच्यांवर चालवायला हरकत नव्हती! मनाई कोणी पाळली नाही. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, तो स्वतः क्रॉसबोवाले पदरी ठेवायचा. ११९९ मध्ये फ्रान्सातल्या एका लहानशा किल्ल्याखाली तटावरून आलेला क्रॉसबोचा बाण खांद्यात लागून, जखम चिघळून तो मेला. सरदारांना या हत्याराची चीड होती ती दयेपोटी नव्हती. जन्मभर घोड्यावर बसून शिकलेल्या माणसाला चार दिवस शिकलेला शिपाई लांबून पाडतो, ही खरी बोच होती.

आपल्याकडे काय? बोरिवलीजवळच्या एकसरला शिलाहार काळाच्या अखेरचे म्हणून मानले जाणारे वीरगळ आहेत. त्यांवर घोडेस्वार आहेत, जहाजं आहेत, धनुर्धारी आहेत, धनुष्य साधंच. क्रॉसबो भारतात नव्हताच असं नाही. नागालँड, अरुणाचल आणि निकोबारमध्ये शिकारीसाठी लाकूड-बांबूचे क्रॉसबो होते. पण कोकणच्या किनाऱ्यावर तो आला पोर्तुगीजांच्या जहाजांतून. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीत क्रॉसबो होते, १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हाही त्याच्याकडे क्रॉसबोवाले शिपाई होते. मात्र ते हत्यार इथे पोचेपर्यंत म्हातारं झालं होतं. तोड्याच्या बंदुका आल्या होत्या. गोव्याचे लोहार बंदुका इतक्या सुरेख बनवत की अल्बुकर्कने त्यांची तारीफ थेट पोर्तुगालच्या राजाला कळवली. मग क्रॉसबो कोण शिकतो? १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि इथल्या खाडीत आरमाराची सुरुवात झाली, तोवर तर तो विषयच संपला होता. आपण तिरकमठ्यावरून सरळ बंदुकीवर गेलो. म्हणून शब्द नाही.

पण पोरांचं शस्त्रागार हा वेगळा इतिहास आहे आणि तो कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आमचा हा सगळा पट्टा मुळात लष्कराचा. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना त्याच बराकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं नाव उल्हासनगर झालं. आजही आम्ही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असंच सांगतो. पलीकडे अंबरनाथला आयुध निर्माणी. त्याच अंबरनाथला १९२० च्या दशकापासून विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता, विमको नाका हे नाव अजून तोंडात आहे. म्हणजे एका गावात तोफखान्याचं सामान आणि काडेपेटी दोन्ही.

आम्हा पोरांचा संबंध काडेपेटीशी. सायकलच्या स्पोकचं निपल घ्यायचं, त्यात काडीचा गूल खरवडून भरायचा, वर खिळा बसवायचा आणि भिंतीवर आपटायचा. फाट! शेजारच्या सिंधी काकी बाहेर येऊन ओरडायच्या आणि आम्ही रुळांकडे पळायचो. बेचकी पेरूच्या फांदीची आणि सायकलच्या ट्यूबची. आणि या सगळ्याचा राजा म्हणजे छत्रीच्या काड्यांचं धनुष्य.

ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. मोडक्या छत्रीच्या दोन-तीन काड्या वाकवून सुतळीने बांधायच्या की धनुष्य तयार. एक काडी सिमेंटवर घासून टोक काढायचं की बाण तयार. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झालं आणि जुलै १९८८ पर्यंत चाललं. त्या दीड वर्षात आमच्या चाळीत एकही मोडकी छत्री शिल्लक राहिली नाही. मी सहावीत होतो आणि धनुष्य बांधण्यात माझा हात चांगला होता. पोरं माझ्याकडून करून घ्यायची, मोबदला चार गोट्या. मी बांधलेल्या एका धनुष्यातून सुटलेल्या बाणाने माझ्या वर्गातल्या एका मुलाचा डावा डोळा गेला. बाण मी मारला नव्हता, मी तेव्हा तिथे नव्हतोही. त्याच्या घरच्यांनी मला कधी काही म्हटलं नाही, कारण धनुष्य कोणी बांधलं हे त्यांना माहीत नव्हतं. तो आजही कधीमधी लोकलमध्ये भेटतो. उजवीकडून हाक मारली तर ओळखतो.

ही गोष्ट इतक्या वर्षांत मी घरात सांगितली नव्हती. मागच्या आठवड्यात भाच्याला सांगितली. ओरडण्यापेक्षा तेच बरं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, मग छत्रीची काडीही तेवढीच वाईट, नव्या वस्तूवर एवढा राग कशाला? रागाचं कारण खटका. छत्रीचं धनुष्य ताणायला जोर लागायचा, नेम लागायचा नाही, दहांतले नऊ बाण गटारात जायचे. आणि ते आमचं आम्ही बनवलेलं असल्यामुळे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला बघताक्षणी कळायचं की हे काय आहे, आजी ते चुलीत घालायची. ही वस्तू ताणून ठेवता येते. ताणलेली खिशात जाते, दप्तरात जाते, आणि आईला ती की-चेन वाटते. टूथपिकचं वजन नगण्य, तिच्यात ताकद ती किती, असं वाटतं. पण टोकाचं क्षेत्रफळही नगण्य, म्हणून सगळा जोर एका बिंदूवर येतो. गालाला खरचटेल. डोळ्याला नाही सोसायचं.

चीनमध्ये २०१७ च्या जून महिन्यात याची साथ आली होती. साथ हाच शब्द बरोबर. शाळांच्या बाहेरच्या दुकानांत टूथपिकचे क्रॉसबो, किंमत आपल्या हिशोबात शंभर-दोनशे रुपये, आणि मारा वीस मीटरपर्यंत जातो असं तिथल्या बातम्यांत होतं. पोरांनी टूथपिकऐवजी सुया आणि खिळे लावले. पालक बिथरले, चेंगडूसारख्या शहरांत विक्री थांबवली गेली, ऑनलाइन बाजारांनी ती वस्तू यादीतून काढली. ज्या देशाने खटका शोधला आणि ज्याच्या दरबारात पहिला वाद झाला, तिथेच शेवटी प्रधानाचं म्हणणं खरं झालं, पण दरोडेखोरांमुळे नाही, पाचवीतल्या पोरांमुळे. एक नवी चाल आली की ती काही आठवड्यांत संपते हे खरंय. माल मात्र संपत नाही, दुसऱ्या दाराने दुसऱ्या देशात जातो.

ब्रिटनचा कायदा मला हुशार वाटला. १९८७ चा क्रॉसबो कायदा: लहान मुलांना विक्री नाही, वयाची अट आधी १७ होती, पुढे १८ झाली. पण त्यात एक रेघ आहे. दोरीचा ताण १.४ किलोपेक्षा कमी असेल तर कायदा लागू नाही. म्हणजे खेळणं कुठे संपतं आणि हत्यार कुठे सुरू होतं हे त्यांनी नावावर किंवा पाकिटावर सोडलेलं नाही, काट्यावर मोजलंय. तरी सगळं आलबेल आहे असं नव्हे. २०२१ च्या नाताळच्या दिवशी एक तरुण मोठा क्रॉसबो घेऊन राणीच्या विंडसर किल्ल्याच्या आवारात पोचला होताच.

आणि आपला कायदा? इथे खरी मेख आहे. १८७८ मध्ये लिटनच्या काळात इंग्रजांनी शस्त्र कायदा केला. तो हत्यारापेक्षा हात कोणाचा आहे हे बघायचा, म्हणजे हिंदी माणसाला परवाना आणि गोऱ्याला सूट. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याची व्याख्या भरपूर रुंद आहे, हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली कुठलीही वस्तू त्यात येऊ शकते. पण दोन खिडक्या उघड्या ठेवल्यात. काठी किंवा घरकाम-शेतीची अवजारं बाहेर, ते रास्तच. आणि जी हत्यारं खेळण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरताच येत नाहीत आणि ज्यांचं खऱ्या हत्यारात रूपांतर होऊ शकत नाही, तीही बाहेर. आता सुई लावली की प्लायवूड फोडणारी वस्तू या दुसऱ्या खिडकीतून जाते का? माझ्या मते जात नाही. पण विकणारा 'हे खेळणं आहे' म्हणतो आणि कोणी विचारत नाही.

बरं, खेळणं म्हणता तर खेळण्याचा कायदा लावा. तोही आहे, आणि चांगला कडक आहे. २०२० च्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशाप्रमाणे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचं आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना तेवढी सूट आहे. आयात शुल्कही २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर नेलं. २०२३ च्या जानेवारीत तर मोठमोठे मॉल आणि विमानतळांवरच्या दुकानांतून चिन्ह नसलेली हजारो खेळणी जप्त झाली. पण ज्या मानकावर हे सगळं उभं आहे, त्यात एक वाक्य आहे: चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी नसलेल्या संग्राह्य वस्तू या मानकाच्या कक्षेबाहेर.

आता पाकीट पुन्हा वाचा. 'छंद आणि संग्रहासाठी.'

कळलं? पोलीस विचारतील तर खेळणं. खेळण्याचा निरीक्षक विचारेल तर संग्राह्य वस्तू. दोन कायद्यांच्या मधल्या फटीत बसेल अशा मापाने हे लेबल शिवलंय. माझ्या भाच्याकडे कसला डोंबलाचा संग्रह? सहा रबरबँड आणि एक परदेशी नाणं. ज्या माणसाला खरंच जुन्या शस्त्रांचा अभ्यास आहे, छोट्या प्रतिकृती करायचा नाद आहे, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. असे लोक आपल्याकडे आहेत, तोफांच्या आणि दांडपट्ट्याच्या प्रतिकृती करणारे. पण ते वयाने मोठे असतात आणि वस्तू काचेच्या कपाटात ठेवतात. त्यांचं नाव पुढे करून माल नववीच्या पोराला विकायचा, हे त्यांनाही आवडणार नाही.

हे फक्त टूथपिकपुरतं नाही. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू, कुकऱ्या पकडल्या होत्या. शहरात दंगल होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि हा माल कुरियरने, साध्या खोक्यांतून घरपोच येत होता. आपल्याकडे सणासुदीला, निवडणुकीला पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश निघतात, त्यात काठ्या, भाले, दगड, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी असते. तो आदेश चौकात लागतो. खोकं दारात येतं.

एक गोष्ट आमच्या लोकांबद्दल. उल्हासनगर म्हटलं की बाहेरच्या लोकांना नकली माल आठवतो, 'मेड इन यूएसए' वाला जुना विनोद ठरलेला. त्यामुळे अशी काही वस्तू गावात सापडली की पहिली धाड इथल्या स्टॉलवाल्यावर. तो बिचारा रबरी साप आणि पाण्याची पिचकारी विकणारा. मी गेल्या रविवारी स्टेशनाबाहेर आणि बाजारात पाच-सहा खेळण्यांच्या दुकानांत जाऊन विचारलं. एकाकडेही ही वस्तू नव्हती. एक सिंधी दुकानदार फोटो बघून म्हणाले, "भाऊ, हे मी ठेवणार नाही. इथे पोर रडत आलं तर त्याचा बाप मला ओळखतो." ॲपला कोणाचा बाप ओळखतो? म्हणून बंदी-धाडीची मागणी करताना ती दुकानदारांवर उलटू नये असं मला मनापासून वाटतं. हो, उद्या आयात पूर्ण थांबली तर पत्रा कापायची लेझर यंत्रं आपल्याही एमआयडीसीत आहेत, हेही विसरायला नको.

माझी मागणी छोटी आहे. ताण मोजा. ब्रिटनसारखी एक रेघ ओढा, आपल्या पोरांच्या डोळ्यांकडे बघून वाटल्यास आणखी खालची ओढा, आणि टोकदार काही फेकणारी वस्तू असेल तर 'संग्राह्य' या शब्दाने सूट मिळू नये एवढं मानकात लिहा. ऑनलाइन विक्रीत वय तपासा. तसं पत्र मी ग्राहक व्यवहार मंत्रालयाला आणि भारतीय मानक ब्यूरोला लिहिलंय, एक प्रत इथल्या पोलीस ठाण्यातही देणार आहे. पत्राचा मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतो, ज्यांना सही करायची त्यांनी करा, ज्यांना चुका काढायच्या त्यांनी काढा.

ज्या पोराला लागलं, त्याच्या घरी भाचा आणि मी दोघं जाऊन आलो. पोरगं भुवईवर पट्टी लावून मजेत हिंडत होतं. त्याच्या आजीने चहा दिला, भाच्याला दोन बिस्किटं जास्त दिली आणि मला म्हणाली, "तुमच्या वेळेला छत्र्या होत्या ना?" मी मान हलवली. बाकीचं काही बोललो नाही.